अशक्तपणाचा पत्ता : मधुमेह, मूत्रपिंड आणि रक्ताची गोष्ट



मागच्या भागात आपण टोरांटोतल्या इन्सुलिनपाशी थांबलो होतो. आज पुढे जाण्याआधी जरा बाजूच्या गल्लीत शिरू या. गल्ली अरुंद आहे, फारसं कुणी तिकडे जात नाही, पण मधुमेह असलेल्या बऱ्याच घरांची मागची दारं याच गल्लीत उघडतात.

माझी आत्या बडोद्याला असते. तिला वीसेक वर्षांची शुगर. दोनेक वर्षांपूर्वी ती एकाएकी थकल्यासारखी दिसायला लागली. जिना चढताना मध्ये थांबायची, दुपारी जेवण झालं की आडवी व्हायची, पायांना मुंग्या येतात म्हणायची. सगळ्यांचं उत्तर ठरलेलं : शुगर आहे ना, मग थकवा येणारच. आम्हीही तेच म्हणत होतो. तिच्या फायलीत साखरेचे कागद वर होते, नीट लावलेले, लाल पेनाने खुणा केलेले. रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद तळाशी होता. त्यावर हिमोग्लोबिन ९.१ असं स्वच्छ छापलेलं होतं. तो कागद कुणी वाचलाच नव्हता. डॉक्टरांनी नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

साखर आणि रक्त यांचे कागद असे वेगवेगळे का राहिले, याला जुना इतिहास आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा अध्याय सहावा आणि पांडुरोगाचा सोळावा. मध्ये नऊ अध्यायांचं अंतर. पांडुरोगावर लोह आणि मंडूर द्यायचं, प्रमेहावर आहारविहार बदलायचा. दोन्ही वर्णनं आजही वाचण्यासारखी आहेत, पण दुखणी दोन आणि दारंही दोन. युरोपातही वेगळं नव्हतं. लंडनचे रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली मूत्रपिंडाच्या आजाराचं वर्णन लिहिलं. पुढच्या काही वर्षांत त्यांना आणि एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांना दिसलं की हे रोगी विलक्षण फिकट पडतात. ख्रिस्टिसननी १८३९ मध्ये हे ठळकपणे मांडलं. पण मूत्रपिंडाचं काम लघवी गाळण्याचं. ते बिघडलं तर रक्त कमी का व्हावं? उत्तर नव्हतं. घाण साठते, ती रक्त नासवते, असा एक ढोबळ समज पुढची शंभर वर्षं चालला.

मधुमेह आणि मूत्रपिंड यांची गाठ पक्की बांधली गेली ती १९३६ मध्ये. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी बोस्टनमध्ये शवविच्छेदनातल्या मूत्रपिंडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांमध्ये त्यांना गोल गाठी दिसल्या आणि त्यातले बहुतेक रोगी मधुमेही निघाले. इथे काळ लक्षात घ्या. इन्सुलिन येऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. इन्सुलिनच्या आधी पुष्कळ मधुमेही इतके जगतच नसत की त्यांची मूत्रपिंडं झिजायला वेळ मिळावा. माणसं जगायला लागली आणि मग दुसऱ्या फळीचे आजार दिसायला लागले. औषधाने आयुष्य वाढवलं की इतिहासात नेहमी असंच होतं. मागे लपलेली रांग पुढे येते.

आता रक्ताकडे वळू. आपल्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे रोज जुन्या जातात, रोज नव्या लागतात. किती बनवायच्या हे मज्जेला कोण सांगतं?

१९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि त्यांच्या सहकारी देफ्लान्द्र यांनी एक साधा प्रयोग केला. सशाचं थोडं रक्त काढलं. तो सावरत असताना त्याच्या रक्तातला द्रव भाग दुसऱ्या, धडधाकट सशाला टोचला. दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढल्या, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे रक्तातच काहीतरी निरोप फिरतो आहे, ‘आणखी बनवा’ असा. त्यांनी त्या निरोप्याला नावही दिलं. पण इतरांनी तो प्रयोग करून पाहिला तर कुणाला जमला, कुणाला नाही. विज्ञानात असं झालं की ती गोष्ट खुंटीवर टांगली जाते. ही जवळजवळ पन्नास वर्षं टांगलेली राहिली. फिनलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये तिला एरिथ्रोपोएटिन हे आजचं नाव दिलं. आपण सोयीसाठी ‘इपीओ’ म्हणू. १९५० मध्ये राइसमान यांनी दोन उंदीर एकमेकांना शिवून त्यांचं रक्त जोडलं आणि एकालाच कमी प्राणवायूची हवा दिली. मज्जा दोघांचीही कामाला लागली. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव यांनी कार्नोचाच प्रयोग केला, फक्त सशांना द्रव भरपूर टोचला. या वेळी नव्या पेशी निर्विवाद वाढल्या. निरोप खरा होता. कार्नोंनी तो फार थोडा घेतला होता, एवढंच.

पण निरोप पाठवतो कोण? १९५७ मध्ये शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले. पिट्यूटरी काढली, निरोप जात राहिला. अधिवृक्क ग्रंथी काढल्या, तरी जात राहिला. मूत्रपिंडं काढली आणि निरोप बंद पडला.

शंभर वर्षांच्या कोड्याचा उलगडा हा असा झाला. मूत्रपिंड फक्त गाळणी नाही, ते रक्ताचं मोजमाप ठेवणारा मुकादमही आहे. त्याच्या पेशींना प्राणवायू कमी पडला की तो मज्जेला सांगावा धाडतो. मूत्रपिंड झिजलं की गाळणी तर बिघडतेच, पण मुकादमही आजारी पडतो. मज्जा धडधाकट असते, लोह असतं, सगळा माल हजर असतो, पण काम सुरू करा म्हणायला कोणी नसतं. आणि मधुमेहात हा मुकादम जरा लवकरच आजारी पडतो. इतर कारणांनी मूत्रपिंड बिघडलेल्या माणसांपेक्षा मधुमेहींमध्ये हिमोग्लोबिन आधी घसरायला लागतं, क्रिएटिनिन फारसं वाढलेलं नसतानाच, हे या शतकाच्या सुरुवातीच्या पाहण्यांमधून पुढे आलं. मेलबर्नमध्ये मर्लिन थॉमस आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या दवाखान्यात येणाऱ्या ८२० जणांचं रक्त तपासलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. २३ टक्के लोकांना ॲनिमिया होता. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच होतं की हा ॲनिमिया ओळखलाच गेलेला नाही. माझ्या आत्याचा तळाशी गेलेला कागद तिथेही होता, म्हणायचा.

पण आपण पुढे पळालो. १९५७ मध्ये परत येऊ.

जेकबसननी आपल्या तरुण सहकाऱ्याला, यूजीन गोल्डवॉसर यांना, या निरोप्याचा शोध घ्यायला सांगितलं होतं. गोल्डवॉसरना वाटलं, काही महिन्यांचं काम आहे. लागली वीसहून अधिक वर्षं. अडचण अशी की रक्तात इपीओ अगदी नखभर असतं. म्हणून त्यांनी मेंढ्या घेतल्या, औषध देऊन त्यांना रक्तक्षय घडवला, म्हणजे इपीओ वाढेल, आणि मग बादल्या बादल्या रक्तातून तो पदार्थ वेगळा करत बसले. वर्षांमागून वर्षं. जे हाती आलं ते इतकं थोडं की त्यावर पुढचं काम करणं अशक्य. माणसाचं इपीओ तर मिळतच नव्हतं.

इथे या गोष्टीत जपानमधल्या कुमामोतोचे एक डॉक्टर येतात, ताकाजी मियाके. ते ज्या रोग्यांवर उपचार करत, त्यांची मज्जाच बंद पडलेली होती. मुकादम ओरडून ओरडून सांगतो आहे आणि कामगार उठतच नाहीत, अशी स्थिती. त्यामुळे अशा रोग्यांच्या रक्तात इपीओ साचत जातं आणि लघवीतून बाहेर पडतं. मियाके यांनी या रोग्यांची लघवी गोळा करायला घेतली. किती? २,५५० लिटर. आपल्या इमारतींच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा अडीच टाक्या. ती आटवून, सुकवून झालेली पूड त्यांनी एका पुडक्यात बांधली आणि १९७५ च्या अखेरीस शिकागोला येऊन गोल्डवॉसरच्या हाती दिली.

मला या गोष्टीत नेहमी ते रोगी आठवतात. त्यांची नावं कुठे नाहीत. त्यांना स्वतःला या औषधाचा काही उपयोग होणार नव्हता. त्यांच्या शरीरात ते हवं त्याहून जास्तच होतं. तरी रोज भांड्यात लघवी धरून ठेवायची आणि दवाखान्यात द्यायची, हे त्यांनी केलं. आज जगभर डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जे इंजेक्शन मिळतं, त्याची सुरुवात त्या भांड्यांत आहे.

त्या पुडक्यातून मियाके, कुंग आणि गोल्डवॉसर यांनी शुद्ध इपीओ काढलं आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. अडीच हजार लिटरांतून निघालं सुमारे ८ मिलिग्रॅम. साखरेचे दहाबारा दाणे होतील, तेवढं. विद्यापीठाने त्याचं पेटंट घेतलं नाही.

पुढचा टप्पा वेगाने झाला. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात ॲमजेन ही छोटी कंपनी निघाली. गोल्डवॉसरनी आपल्याकडचं थोडं शुद्ध इपीओ तिला दिलं. तिथे तैवानमधून आलेले फू-कुएन लिन हे शास्त्रज्ञ माणसाच्या सगळ्या गुणसूत्रांच्या ढिगातून इपीओचा जीन शोधत बसले. १९८३ मध्ये तो सापडला. मग तो हॅमस्टरच्या पेशींमध्ये बसवला आणि त्या पेशी कारखान्यात इपीओ बनवू लागल्या. ज्यासाठी अडीच टाक्या लघवी लागली होती, ते आता पिंपांत तयार होऊ लागलं.

आणि आता सिॲटल. डायलिसिसचा इतिहास या शहराशिवाय सांगता येत नाही. १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली आणि मूत्रपिंड कायमचं निकामी झालेला माणूस जगवता येऊ लागला. पण यंत्रं मोजकी. कुणाला घ्यायचं, हे ठरवायला १९६२ मध्ये नागरिकांची एक समिती बसली. तिच्यावर त्या वेळी फार टीका झाली. त्या समितीपुढे अर्ज जाण्याआधीच डॉक्टरांची चाळणी असे आणि त्या चाळणीत मधुमेही बहुधा गळत. त्यांच्या शरीरात इतरत्र इतकं बिघडलेलं असतं की यंत्र वाया जाईल, असा विचार. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला, दार उघडलं, आणि मधुमेही आत आले. पुढे तर ते डायलिसिसवरचा सगळ्यांत मोठा गट झाले.

त्या खुर्चीत बसणाऱ्यांची स्थिती काय होती? हिमोग्लोबिन सहा, सात. आठ असलं तर बरं. यंत्र घाण काढायचं, पण निरोप पाठवणार कोण? उपाय म्हणजे रक्ताच्या बाटल्या. महिन्यामागून महिना दुसऱ्याचं रक्त. त्यातून काविळीचे विषाणू आले, यकृतात आणि हृदयात लोह साचलं. माणूस जगत होता, पण कामाला जाण्याइतका नाही.

जोसेफ एश्बाक हे सिॲटलमधले डॉक्टर वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे होते. त्यांनी मेंढ्यांची मूत्रपिंडं निकामी करून त्यांना चक्क डायलिसिसवर ठेवलं आणि इपीओ असलेला द्रव देऊन दाखवलं की रक्त भरून येतं. म्हणजे साठलेली घाण हे मुख्य कारण नव्हे. निरोप मिळाला तर मज्जा काम करते. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी आणि जॉन ॲडमसन यांनी कारखान्यातलं इपीओ माणसाला देणं सुरू केलं. २५ रोग्यांचा अनुभव जानेवारी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधल्या गटाचा लेख त्याआधी काही आठवडे आला होता. ज्यांना सतत रक्त चढवावं लागे, त्यांना ते लागेनासं झालं. १ जून १९८९ रोजी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

आतापर्यंतची गोष्ट सरळ वर चढणारी आहे आणि पुष्कळ पुस्तकं इथेच थांबतात. मला मात्र या इतिहासातला खरा महत्त्वाचा भाग यानंतरचा वाटतो.

हिमोग्लोबिन सहावरून दहावर नेलं तर माणूस उठून बसतो. मग दहावरून तेरावर नेलं तर? प्रश्न रास्त होता. ज्या मूत्रपिंडाच्या रोग्यांचं हिमोग्लोबिन कमी, त्यांचं हृदय लवकर बिघडतं, ते लवकर जातात, हे आकड्यांत दिसत होतं. तेव्हा आकडा निरोगी माणसाइतका करावा, हृदय वाचेल. तर्काला बोट लावायला जागा नव्हती. शिवाय पैशाचाही ओघ त्याच दिशेला होता. अमेरिकेत डायलिसिस केंद्रांना सरकारकडून इपीओचे पैसे मात्रेप्रमाणे मिळत. जितकं जास्त टोचाल तितकं बिल मोठं. सरकारी आरोग्यविम्याच्या औषधखर्चात हे औषध सगळ्यांत वरच्या ओळीत गेलं.

पहिला धक्का १९९८ मध्ये बसला. हृदयरोग असलेल्या १,२३३ डायलिसिस रोग्यांची दोन गटांत विभागणी झाली होती. एकाचं रक्त निरोगी पातळीवर न्यायचं, दुसऱ्याचं खालीच ठेवायचं. वरच्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके कमी होण्याचं चिन्ह दिसेना, उलट झुकाव दिसायला लागला आणि अभ्यास मध्येच थांबवला. तरी लोकांनी समजूत काढली : हे रोगी आधीच फार आजारी होते. २००६ मध्ये आणखी दोन अभ्यास आले, डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या रोग्यांचे. फायदा दिसला नाही. एकात नुकसान दिसलं. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाकिटावर काळ्या चौकटीतला इशारा घातला.

मग राहिले मधुमेही. त्यांच्यासाठी वेगळा, मोठा अभ्यास चालू होता, ‘ट्रीट’ नावाचा. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, झिजलेली मूत्रपिंडं आणि ॲनिमिया, तिन्ही असलेले ४,०३८ जण, २४ देशांतले. निम्म्यांना दीर्घकाळ टिकणाऱ्या इपीओचं इंजेक्शन, लक्ष्य हिमोग्लोबिन १३. निम्म्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं इंजेक्शन. त्यांचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं तरच औषध. कोणाला काय मिळतंय, हे ना रोग्याला माहीत, ना डॉक्टरला. आधीच्या अभ्यासांमध्ये अशी बिनऔषधाच्या इंजेक्शनशी तुलना नव्हती. म्हणजे हे औषध बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती आणि या लोकांमध्ये ते हृदय वाचवतं का, याची अशी चोख परीक्षा पहिल्यांदा होत होती.

निकाल २००९ च्या ऑक्टोबरात आला. हृदयविकार आणि मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे. थकव्यात थोडा फरक, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. रक्त चढवावं लागलेल्यांची संख्या मात्र कमी झाली, २९७ विरुद्ध ४९६. हे औषधाच्या बाजूने मोजायला हवं. आणि पक्षाघात? बिनऔषधाच्या गटात ५३ जणांना. औषधाच्या गटात १०१ जणांना.

ज्या आकड्याला आपण आजार समजत होतो, तो आजाराची खूण होता. खूण पुसली म्हणून आजार गेला नाही, उलट दाट झालेल्या रक्ताची आणि मोठ्या मात्रांची किंमत मोजावी लागली. नेमकं कशामुळे, यावर अजून वाद आहे. काहींचा रोख वाढलेल्या हिमोग्लोबिनवर आहे, काहींचा औषधाच्या मात्रेवर. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सूचना बदलल्या : डायलिसिसवर नसलेल्यांना हे औषध हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेल्यावरच विचारात घ्या, आणि रक्त चढवणं टळेल इतकीच मात्रा द्या. त्याच वर्षी पैसे मात्रेप्रमाणे द्यायची पद्धतही बंद झाली. कुठलं आधी झालं असतं तर बरं झालं असतं, हे तुम्हीच ठरवा.

या शोधाची पुढची पायरी मूत्रपिंडाला प्राणवायूची टंचाई कशी कळते, ही. ते उकलणाऱ्या सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं, आणि त्यातून टोचण्याऐवजी गिळायच्या गोळ्या निघाल्या. त्यातली एक, डेसिडुस्टॅट, अहमदाबादच्या झायडसने तयार केली आणि तिला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. अमेरिकेने अशा गोळ्यांच्या बाबतीत हात बराच आखडता घेतला आहे. एकीला नाकारलं, दुसरीला फक्त डायलिसिसवरच्या रोग्यांसाठी मान्यता दिली. दुधाने पोळलं की ताकही फुंकून पितात.

आता तुमच्यातल्या चाणाक्ष लोकांच्या मनात आलं असेल, मधुमेह्याचा प्रत्येक ॲनिमिया मूत्रपिंडाचाच का? अर्थातच नाही. आपल्या देशात तर मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष ॲनिमियाच्या रेषेखाली होते. दुसरीकडे, आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर सांगितला. इतकी मोठी दोन वर्तुळं एकमेकांवर पडणारच. लोहाची कमतरता आपल्याकडे जुनीच. आणि तिसरं एक कारण आहे, जे थेट मधुमेहाच्या गोळीतून येतं.

मेटफॉर्मिन ही गोळी पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये वापरात आणली. स्वस्त, भरवशाची, आज भारतात घरोघरी. ती घेणाऱ्यांच्या आतड्यात बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, हे १९६९ पासून माहीत आहे. १९७१ मध्ये त्याला दुजोरा मिळाला. पण तो इशारा बराच काळ मागच्या बाकावरच बसला. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या ३९० रोग्यांच्या चार वर्षांहून जास्त चाललेल्या अभ्यासात मेटफॉर्मिनच्या गटात बी-१२ सुमारे १९ टक्क्यांनी खाली गेलेलं दिसलं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी डॉक्टरांना नव्याने जागं केलं ते २०२२ मध्ये. ज्या देशात कोट्यवधी लोक शाकाहारी आहेत आणि बी-१२ मुळातच बेताचं, तिथे याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. त्यातून बी-१२ कमी झालं की पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अगदी मधुमेहाच्या मज्जातंतूविकारासारखा. मग तो मधुमेहाच्याच नावावर लिहिला जातो.

बी-१२ किंवा फोलिक ॲसिड कमी पडलं की तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी होतात. हा मोठ्या पेशींचा ॲनिमिया समजण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांतल्या गरोदर कामगार बाया या ॲनिमियाने मरत होत्या. विल्सनी त्यांची घरं पाहिली, ताटं पाहिली, जंतूचा संशय तपासून बाजूला केला आणि शेवटी यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्या बऱ्या होतात हे दाखवलं. लेख १९३१ मध्ये आला. त्या मार्माइटमधला गुणकारी पदार्थ पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. विल्स यांचं मधुमेहाशी काही घेणंदेणं नव्हतं, पण रोगी काय खातो हे आधी विचारा, ही त्यांची रीत माझ्या आत्याच्या बाबतीत दोन वर्षं आधी वापरली असती तर, असं मला वाटत राहतं. कारण तिच्या ९.१ मागे दोन्ही होतं : थोडी झिजलेली मूत्रपिंडं आणि पंधरा वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी बाईचं तळाला गेलेलं बी-१२. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. नसा उशिरा दुरुस्त होतात, कधी होतही नाहीत. पण जिना ती न थांबता चढायला लागली.

आणि चार महिन्यांनी एक गंमत झाली. तिचं एचबीए१सी, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणून आपण जो आकडा बघतो, तो ७.८ वरून ७.१ वर आला. आत्या खूश. रोजचं खाणं तेच, गोळ्या त्याच, फिरणं तेच. मग साखर उतरली कशी?

याचं उत्तर तेहरानमध्ये आहे. सॅम्युएल रहबर हे तिथल्या विद्यापीठात हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते. १९६८ मध्ये त्यांना मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनची एक वेगळी पट्टी दिसली. आधी त्यांना वाटलं, एखादा आनुवंशिक प्रकार असेल. मग त्यांनी मुद्दाम मधुमेही तपासले आणि प्रत्येकात तीच पट्टी. साखर हिमोग्लोबिनला चिकटत होती. पेशी जितके दिवस साखरेत भिजेल तितकी ती चिकटणार. यातूनच पुढे ही तपासणी आली आणि २०१० पासून तिच्यावर मधुमेहाचं निदानही होऊ लागलं, ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर.

पण या मोजणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : तांबडी पेशी १२० दिवस जगते. लोह किंवा बी-१२ कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, त्या जास्त दिवस साखरेत भिजलेल्या असतात आणि आकडा फुगतो. उलट रक्तस्राव झाला, सिकलसेलसारखा आजार असला, किंवा इपीओ सुरू केलं, की तरुण पेशींची भरती होते आणि आकडा खाली येतो, साखर तितकीच असली तरी. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आहे. ईशान्येकडे हिमोग्लोबिन-ई आहे. त्या भागांत कुणी राहत असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आत्याचंही तेच झालं होतं. बी-१२ मिळालं, मज्जेने नव्या पेशींची फौज बाहेर काढली आणि सरासरी उतरली. खरी साखर किती, हे पाहायला मी तिची वही मागितली. घरच्या यंत्रावर बोट टोचून ती रोज सकाळी आकडा लिहून ठेवते, गुजराती अंकांत, नवऱ्याच्या जुन्या हिशेबाच्या वहीत. मार्चचे आकडे आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवले. १४८, १५२, १४५. १५०, १४७, १५१.

जिलबी मागवायचा बेत तिने त्या दिवशी पुढे ढकलला. वही मात्र आता फायलीत सगळ्यांत वर असते, आणि तिच्या खाली हिमोग्लोबिनचा कागद.